सावतोबांची न केलेली वारी



आज गीतेच्या अठराव्या अध्यायातला ४६वा श्लोक. अर्थ माझ्या शब्दांत सांगतो. ज्याच्यातून हे सगळं आलं आणि जो सगळीकडे भरून राहिलाय, त्याची पूजा करायला वेगळं साहित्य आणावं लागत नाही. आपल्या वाट्याला आलेलं काम नीट करणं हीच त्याची पूजा, आणि तेवढ्यावर माणूस पोचतो. ज्ञानेश्वर माउलींनी या ठिकाणी आपल्या कर्मांना फुलांची उपमा दिलीय. कामाची फुलं देवाला वाहायची, इतकी साधी गोष्ट.

श्लोक समजायला सोपा आहे, पण वापरायला घेतला की अडचण येते. वाट्याला एकच काम येत नाही. दोन येतात. दोन्ही चांगली, दोन्ही आपलीच, आणि त्यातलं एक सोडावं लागतं. अशा वेळी कोणतं फूल वाहायचं? गेले दोन महिने मी या प्रश्नात अडकलो होतो. थोडं उत्तर मिळालं ते आमच्या गावाशेजारच्या एका माळ्याच्या आयुष्यात. म्हणून आज श्लोकाचं विवरण थोडं आणि चरित्र जास्त.

मी मूळचा मोडनिंबचा. पुणे-सोलापूर हायवेनं टेंभुर्णी सोडली की मोहोळच्या अलीकडे आमचं गाव लागतं. कुर्डुवाडी–पंढरपूर रेल्वेलाईनवर आमचं स्टेशन आहे. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या लहानपणी तिथून बार्शी लाईटची छोटी गाडी जायची, आणि आषाढीला तिच्या टपावरसुद्धा वारकरी बसलेले असायचे असं ते सांगतात. मोडनिंबला लागूनच अरण आहे, आणि अरणला संत सावता महाराजांची समाधी. आम्ही शाळेत असताना सायकलवर जायचो. घराजवळच्या देवळाचं जे होतं तेच आमचं झालं. सावतोबा म्हणजे आपलेच, त्यांच्याबद्दल वेगळं वाचायचं काय? इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, आज मी चौतिशीत आहे, आणि खरं सांगायचं तर यंदाच्या जेष्ठापर्यंत मी सावतोबांचं चरित्र सलग कधी वाचलंच नव्हतं.

यंदा मी आळंदीपासून पायी वारी करणार होतो. पहिल्यांदा. अठरा दिवसांची रजा मंजूर झाली होती, दिंडीत नाव दिलं होतं, बूट घेऊन रोज सकाळी आठ-दहा किलोमीटर चालून पाय तयार केले होते. ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगून झालं होतं. पालखी निघायच्या आठ दिवस आधी आण्णा बांधावरून घसरले आणि घोटा मोडला. प्लास्टर, सहा आठवडे. घरी आई, तिला शुगर. बहीण सासरी. रानात वांगी होती, मेथी होती, आणि पावसाचा पत्ता नव्हता.

आण्णा फोनवर म्हणाले की तू वारीला जा, इथलं आम्ही बघतो. गडी लावू, शेजारी आहेत. त्यांचं म्हणणं मनापासून होतं. ते स्वतः दर आषाढीला पहाटे मोडनिंबहून निघून चालत पंढरपूरला जातात, त्यामुळं वारी चुकणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणजे मला जायला कुणी अडवलं नव्हतं. निर्णय माझा होता, आणि तोच त्रास होता.

मी मोडनिंबला गेलो. पण आनंदानं गेलो असं समजू नका. बॅग भरताना मी चिडलेलो होतो. आणि नंतर विचार केल्यावर कळलं की त्या चिडण्यात विठ्ठलाच्या ओढीइतकाच वाटा लोकांना सांगून ठेवल्याचा होता. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

घरी गेल्यावर दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून सावतोबांचं चरित्र काढून बसलो. ते आता तुम्हाला सांगतो.

सावतोबांचे आजोबा दैवू माळी. मूळ गाव औसे, मिरजेच्या बाजूचं. तिथून ते अरणला येऊन राहिले. का आले ते बाजूला ठेवू, पण गाव सोडून परक्या मुलखात जमीन कसायची हा निर्णय छोटा नव्हता. त्यांना दोन मुलगे, पुरसोबा आणि डोंगरोबा. पुरसोबांची बायको नांगिताबाई, आणि त्यांचे पुत्र सावतोबा. जन्म शके ११७२, म्हणजे इसवी सन १२५०.

एक गोष्ट इथं लक्षात ठेवा. हे घर वारीचं होतं. मळा सांभाळायचा आणि पंढरीची वारी करायची अशी पुरसोबांची रीत होती. म्हणजे सावतोबांना वारी नवीन नव्हती, तिचा वारसा घरातच होता. मुलानं बापाचीच वाट पुढं चालवावी अशी सगळ्यांची अपेक्षा असणार.

काळ देवगिरीच्या यादवांचा. सावतोबा पंचविशीत असताना ज्ञानदेवांचा जन्म झाला, १२७५ साली. नामदेव त्याहून पाच वर्षांनी मोठे, १२७०चे. सावतोबा चाळीस वर्षांचे असताना, १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली. त्या दहा-पंधरा वर्षांत पंढरपूरच्या वाळवंटात जी माणसं एकत्र येत होती, तशी पुन्हा कधी एका ठिकाणी आली असतील असं वाटत नाही. ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं, नामदेव, गोरोबा, चोखोबा, जनाबाई, नरहरी सोनार, सेना न्हावी. कुंभार, सोनार, न्हावी, शिंपी, मोलकरीण, गावकुसाबाहेरचा माणूस, सगळे एकाच नावाखाली. आणि हे सगळं अरणपासून एका दिवसाच्या चालीवर.

आता कल्पना करा. तुम्ही त्याच देवाचे भक्त आहात, तुमचं घर वारकऱ्यांचं आहे, तुमच्या काळातली सगळ्यात मोठी माणसं एका दिवसाच्या अंतरावर जमलीयत, आणि तुम्ही जात नाही. आपल्या भाषेत ज्याला फोमो म्हणतात ना, त्याची याहून मोठी परीक्षा मला तरी सुचत नाही. काशी दूर आहे म्हणून न जाणं सोपं असतं. जवळ असून न जाणं अवघड.

परंपरा असं सांगते की सावतोबा पंढरपूरला कधी गेले नाहीत. मळ्यातच राहिले.

का, याचं उत्तर सहसा एका वाक्यात दिलं जातं, की त्यांना मळ्यातच विठ्ठल दिसायचा. ते खरंच आहे. भाज्यांची नावं घेत घेत त्यांनी देवाला त्यांच्यात पाहिलंय, आणि तो अभंग शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ असतो. विहीर, मोट, दोर या रोजच्या वस्तूंनाही त्यांनी पंढरीत जागा दिलीय. पण पंधरा दिवस रानात काढल्यावर मला वाटायला लागलं की आपण हे उत्तर फार लवकर देतो. असं दिसणं पहिल्या दिवशी सुरू होत नाही.

भाजीपाल्याचं काम काय असतं ते सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण शहरातले आहात. ज्वारी एकदा पेरली की थोडी उसंत देते. भाजी देत नाही. तिला ठरल्या दिवशी पाणी लागतं, तण काढावं लागतं, तयार झाली की त्याच दिवशी काढावी लागते, नाहीतर जून होते किंवा नासते. सावतोबांच्या काळात पाणी म्हणजे मोट. बैल धावेवरून खाली उतरणार, चामड्याची मोट भरून वर येणार, थारोळ्यात रिकामी होणार, बैल पुन्हा मागं सरकत वर येणार. एक एक मोट करून पाटानं वाफ्यात पाणी न्यायचं. बैल हाकायला एक माणूस आणि दारं धरायला, म्हणजे एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायला, एक माणूस. आमचा भाग पाऊस कमी पडणारा. अशा ठिकाणी मळा चार दिवस सोडून जाणं म्हणजे मळा सोडणंच.

आज मोट नाही, मोटार आहे. पण शेतीची लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री. मी गेलो त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. वांग्याच्या ठिबकचे पाईप उंदरांनी कुरतडले होते, म्हणून पाटानं पाणी देत होतो. रात्री एक-दीड वाजता डोक्याला बॅटरी लावून फावडं घेऊन दारं मोडायचं, बांधायचं. पहिल्या चार रात्री माझ्या डोक्यात एवढंच होतं की दिंडी आज कुठं पोचली असेल. फोनवर मित्रांचे फोटो यायचे. दिवे घाट. नीरा स्नान. मी चिखलात उभा राहून ते बघायचो आणि वाफा भरून पाणी पलीकडे जायचं. आण्णा ओट्यावरून ओरडायचे.

मला वाटतं सावतोबांच्याही तशा रात्री असणार. त्यांच्या चरित्रात त्या नाहीत, कारण आपण संतांचा निर्णय सांगतो आणि निर्णयानंतरचे दिवस गाळतो. माझा अंदाज असा की आधी त्यांनी मळा निवडला, आणि मग वर्षानुवर्षं तिथंच नाम घेत राहिल्यावर मळ्याची पंढरी झाली. आधी दर्शन झालं आणि म्हणून निर्णय सोपा गेला, असा क्रम मला वाटत नाही. आपण मात्र नेमकी उलटी अट घालतो. आधी खात्री दे, मग मी निवडतो.

या निवडीची किंमत घरानंही मोजली. ती कथा चरित्रात आहे आणि ती कुणी फार सांगत नाही. सावतोबांचं लग्न शेजारच्या भेंड गावच्या जनाबाईंशी झालं होतं. या नामदेवांच्या जनाबाई नव्हेत, वेगळ्या. त्यांना दोन मुलं, विठ्ठल आणि नागाताई. एकदा जनाबाईंच्या माहेरची माणसं घरी आली. सावतोबा भजनात रंगलेले. पाहुण्यांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. माहेरची माणसं अपमान मानून परत जायला निघाली, आणि जनाबाई संतापल्या. त्यांनी नवऱ्याला बोल लावले, आणि सावतोबांनी शांतपणे त्यांची समजूत घातली, असं सांगतात.

लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकली तेव्हा जनाबाई संसारात अडकलेल्या आणि सावतोबा मोठे, असंच वाटलं होतं. आता लग्नाला सात वर्षं झाल्यावर तसं वाटत नाही. मला जनाबाईंचा राग पटतो. सासरी कुणी पाणी विचारलं नाही म्हणून बाप मान खाली घालून चाललाय, हे बघणाऱ्या लेकीचा राग आहे तो. माणूस निवड स्वतःसाठी करतो, पण तिचं ओझं एकटा उचलत नाही. मी मोडनिंबला आलो तेव्हा पुण्यात आमच्या चार वर्षांच्या मुलीला शाळेत सोडणं, आणणं, आजारपण, सगळं बायकोनं एकटीनं केलं. वारीला गेलो असतो तरी तिनंच केलं असतं. माझ्या दोन्ही फुलांमागं तिचे हात होते, आणि हे मला सावतोबांनी नाही, जनाबाईंनी शिकवलं.

आता ती प्रसिद्ध कथा. ती समजून घ्यायला एक तिसरा भक्त लागतो, कूर्मदास.

कूर्मदास पैठणचे. जन्मतःच हातपाय नव्हते. एका कीर्तनात पंढरीचं माहात्म्य ऐकलं आणि निघाले. लोळत, सरपटत. महिने लागले. आषाढी तोंडावर आली तेव्हा ते लऊळपर्यंत पोचले होते. लऊळ म्हणजे आमच्याच माढा तालुक्यातलं, कुर्डुवाडीजवळचं गाव. अंगाची सालटी निघालेली, पुढं सरकवेना. त्यांनी वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप पाठवला की मला काही आता येववत नाही, तूच ये. आणि कथा सांगते की देव निघाला. बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव.

वाटेत अरण लागलं. देवाला सावतोबांना भेटायचं होतं. ज्ञानदेव-नामदेवांना मागं थांबवून तो एकटाच मळ्यात शिरला आणि सावतोबांना म्हणाला की मला कुठंतरी लपव. सावतोबांनी खुरपं घेतलं, स्वतःचं पोट चिरलं, देवाला आत ठेवलं आणि वरून वस्त्र बांधलं. बाहेर नामदेव देवाला शोधून शोधून रडकुंडीला आले. शेवटी त्यांचं व्याकूळ होणं बघवेना तेव्हा देव बाहेर आला, आणि मग सगळे मिळून लऊळला कूर्मदासांना भेटायला गेले. महिपतीबुवांनी १७६२ साली भक्तविजय पूर्ण केला. त्यात आणि नंतरच्या कीर्तनांतून ही कथा घराघरांत गेली.

इंजिनिअरचं डोकं म्हणतं, असं कसं होईल? मी त्या वादात पडत नाही. मला त्यात दिसलं ते असं. नामदेव म्हणजे देवाशी बोलणारा, त्याच्याबरोबर जेवणारा भक्त. तो पंढरपुरात देवाच्या सगळ्यात जवळ. तरी त्या दिवशी देव त्याला दिसत नव्हता, आणि पंढरपूरची पायरी न चढलेल्या माळ्याच्या आत मात्र होता. याचा अर्थ नामदेव कमी होते असा नाही. पण देव कुठं सापडेल याचा नकाशा कुणाच्याही हातात नसतो, त्यांच्याही नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, जी वाचताना मी उठून बसलो. एका भक्तानं जायचं ठरवलं आणि हातपाय नसताना निघाला. दुसऱ्यानं न जायचं ठरवलं आणि हातपाय धड असून थांबला. निवडी अगदी उलट. देव एकाच फेरीत दोघांकडे गेला. अरण आणि लऊळ, दोन्ही एकाच तालुक्यात! म्हणजे जाणं बरोबर की थांबणं बरोबर, हा माझा प्रश्नच मुळात अर्धा होता. कूर्मदास निघाले ते पूर्ण निघाले. सावतोबा थांबले ते पूर्ण थांबले. आणि मी? शरीरानं मोडनिंबच्या वांग्यात आणि मनानं दिवे घाटात. दोन्हीकडे अर्धा. मी वारीला गेलो असतो तर तिथंही मागं आण्णांच्या घोट्याकडे बघत अर्धाच चाललो असतो.

निवड आपल्याला घडवते असं आपण म्हणतो. मला वाटतं ज्या दिवशी निवडलं त्या दिवशी काहीच घडत नाही. निवडीनंतरच्या प्रत्येक दिवशी आपण तिथं हजर राहतो का, यानं घडतं.

त्या कथेनंतर रात्री काही चमत्कार झाला नाही. फक्त फोन घरी ठेवून रानात जायला लागलो. पाणी वाफ्यात शिरताना कोरड्या मातीचा एक आवाज येतो, हलका, भाजणीवर फोडणी पडावी तसा. तो मला दहा-बारा वर्षांनी ऐकू आला. दारं धरता धरता नाम घ्यायला लागलो. सहाव्या की सातव्या रात्री लक्षात आलं की वाफे फुटलेले नाहीत आणि आण्णा ओरडलेले नाहीत. ते ओट्यावर झोपी गेले होते. एवढंच. पण मला ते पुष्कळ वाटलं.

सावतोबांच्या आयुष्यात आणखी एका माणसाचं नाव घेतलं पाहिजे, काशिबा गुरव. सावतोबा काम करता करता अभंग म्हणायचे, आणि काशिबा ते लिहून ठेवायचे. आज सावतोबांचे ३७ अभंग मिळतात. सदतीसच. मोठ्या संतांच्या गाथा हजारांत असताना हे मूठभर, पण तेही काशिबांमुळं. स्वतः अभंग रचण्याऐवजी दुसऱ्याचे जपून ठेवणं, ही त्या माणसाची निवड. आपल्या टीममध्ये एखादा जण गाजावाजा न करता सगळ्यांच्या कामाची नीट नोंद ठेवतो, आणि तीन वर्षांनी तीच नोंद सगळ्यांना वाचवते. असा माणूस दिसला की मला आता काशिबा आठवतात.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशी. इंग्रजी तारखेनं १२ जुलै १२९५. सावतोबा मळ्यातच विठ्ठलनाम घेत गेले. वय पंचेचाळीस. माझ्याहून फक्त अकरा वर्षांनी मोठे, हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. पुढच्याच वर्षी, १२९६ साली, आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, आणि त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी देवगिरीवर आली. एक सगळा काळच उलटून गेला. राज्यं गेली. अरणचा मळा आणि त्यातली समाधी मात्र राहिली.

आणि राहिली एक प्रथा. आषाढीला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावता महाराजांची जात नाही. उलट एकादशीनंतर अडीच आठवड्यांनी, त्यांच्या पुण्यतिथीला, पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. जो भेटायला गेला नाही त्याला देव अजून भेटायला येतो. दुसऱ्या दिवशी तिथं श्रीफळ हंडी होते, दहीहंडीसारखीच, पण नारळांची.

यंदा पुण्याहून एक दिवसाची सुट्टी काढून मी परत गेलो. आण्णांचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. हातात काठी. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही तिघं अरणला गेलो, आई, आण्णा आणि मी. गर्दीत त्यांना उभं राहवेना, म्हणून कडेला एका लिंबाखाली खुर्ची टाकून बसवलं. पालखी आली. टाळ, मृदंग, बुक्का. आण्णांनी बसल्या जागी हात जोडले. यंदा त्यांची चालत जायची आषाढी चुकली होती, माझी पायी वारी चुकली होती, आणि ज्याच्याकडे जायचं होतं तो समोरून चालला होता. आण्णा काही बोलले नाहीत. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले की वांगी यंदा बरी आलीत.

हे सगळं वाचून कुणी असा अर्थ काढू नका की नोकरी सोडून गावी जावं, किंवा वारीला जाऊ नये. मी आजही पुण्यात आहे. पुढच्या वर्षी जमलं तर आळंदीहून निघणार आहे. आई-आण्णा थकत चाललेत, आणि मोठा निर्णय अजून समोर उभाच आहे. गावी परतायचं, की त्यांना पुण्यात आणायचं, की असंच हेलपाटे घालत राहायचं? त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि सावतोबांचं चरित्र ते तयार करून हातात देत नाही. पण एवढं कळलंय की जे निवडेन तिथं पूर्ण उभं राहायचं आहे, आणि त्याचं ओझं कोण उचलतंय ते रोज बघायचं आहे.

४६व्या श्लोकाकडे परत येतो. कामाची फुलं वाहायची म्हणतात. माळ्याला एक गोष्ट माहीत असते. फूल खुडलं की ते वेलीवर परत लागत नाही. खुडताना हात कापेल, ते चालतं. पण खुडल्यावर ते मुठीत धरून ठेवून उपयोग नाही, वाहून टाकायचं.

आजचा अभ्यास. अलीकडे तुम्ही जे निवडलं आणि ज्याबद्दल मनात अजून कुरकुर आहे, ते एक काम आठवा. नोकरी असेल, घरी थांबणं असेल, शहर सोडणं असेल. आज फक्त एक तास ते काम फोन बाजूला ठेवून, नाम घेत, पूर्ण करा. आणि तुमच्या त्या निवडीचं ओझं ज्यांनी उचललं, त्यांच्यापैकी एकाला आज फोन करा.

उद्या ४७वा श्लोक, स्वधर्माचा. तो सावतोबांच्या शेजारी ठेवूनच वाचू.

राम कृष्ण हरी.